साडेतीन

त्याचं नाव सांगून उपयोग नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "कोण बुवा?" आणि चेहरा दाखवला की म्हणाल, "अरे, हा तर टीव्हीवरचा!" मराठी बातम्यांच्या वाहिनीवर दर शुक्रवारी, साखर कारखान्याच्या निवडणुकीनंतर आणि राशिभविष्याच्या आधी, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आणि भर मे महिन्यातही गळ्यात मफलर अशा थाटात जो गृहस्थ नव्या सिनेमाबद्दल बोलतो, तो हा. डोंबिवलीत आमच्याच सोसायटीत राहतो. सोसायटीत त्याला सगळे 'साडेतीन' म्हणतात. इस्त्रीवाला तेवढा 'साडेतीनसाहेब' म्हणतो. सिनेमा हसवणारा असो, रडवणारा असो, नाहीतर दोन्ही करायला जाऊन काहीच न जमलेला असो, हा त्याला साडेतीन स्टार देतो.

स्टार वाटण्याची ही रीत त्यानं काढलेली नाही. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थिरर नावाच्या बाईंनी ३१ जुलै १९२८ रोजी ती सुरू केली, आणि पहिल्याच सिनेमाला एक स्टार देऊन. बाईंची पट्टी सरळ होती. तीन म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा आणि एकही नाही म्हणजे काय ते समजून घ्या. तीनाच्या वर काही नव्हतंच. त्या हिशेबानं आमच्या साडेतीननं पाहिलेला प्रत्येक सिनेमा उत्तमाहून अर्धा स्टार वरचा. आज त्या बाई असत्या तर त्यांनी मराठी सिनेमाचा हेवा केला असता.

स्टार देण्यात धोके किती असतात ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. पाच दिले तर लोक विचारतात, किती मिळाले? चार दिले आणि सोमवारी सिनेमा थिएटरातून उतरला, तर ऑफिसातला चहावाला पोरगासुद्धा "सर, तुमचा तो चारवाला..." अशी सुरुवात करतो. तीन दिले तर निर्माता रुसतो. अडीच दिले तर रात्री दीड वाजता दिग्दर्शकाचा फोन येतो, "सर, मला फक्त समजून घ्यायचंय." मग तो तासभर बोलतो आणि काहीही समजून घेत नाही. दोन दिले तर पुढच्या प्रेस शोचा मेसेज येत नाही. साडेतीन म्हणजे मात्र पाचातले सत्तर टक्के. दहावीला सत्तर टक्के पडलेल्या मुलाचे पेढेही वाटता येतात आणि "अजून थोडी मेहनत हवी होती" असंही चारचौघांत म्हणता येतं. कौतुक केलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही, आणि केलं होतं असं कुणी सिद्ध करू शकत नाही.

हा गृहस्थ जन्मतः असा नव्हता. मुळात कोल्हापूरचा. तिथल्या माणसाला सिनेमाबद्दल मत असावं लागत नाही, ते पाण्यातूनच पोटात जातं. बाबूराव पेंटरांच्या कंपनीच्या गोष्टी त्यानं आजोबांकडून ऐकल्या होत्या. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ साली उठून पुण्याला गेली, याचा राग त्याच्या घरात अजून ताजा आहे. आजोबा पुण्याचं कुठलंही स्थळ याच कारणावरून नाकारत. गल्लीच्या तोंडाशी थिएटर होतं आणि तिथला डोअरकीपर वडिलांच्या तालमीतला. त्यामुळे या पोराचं सिनेमाशिक्षण पडद्याजवळच्या पहिल्या रांगेत, मान वर करून, फुकट झालं. शिट्टी कुठे मारायची आणि बाहेर जाऊन भेळ कधी खायची, ही समीक्षेची दोन मूलतत्त्वं त्याला बाराव्या वर्षीच अवगत होती. माझ्या मते त्यानंतर तो फारसं काही नवीन शिकला नाही. फक्त त्याला नावं द्यायला शिकला.

ती नावं मिळाली पुण्यात. लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग भरवत. पुण्याला जायचं आणि तेही ज्या आवारात 'प्रभात' गेली त्याच आवारात, म्हणून आजोबांनी दोन दिवस तोंड फिरवलं. हा गेला, आणि महिन्याभरानं दाढी, शबनम आणि 'मीज-आँ-सेन' घेऊन परतला. आता तो पिक्चरला पिक्चर म्हणेना. दिवाळीत आत्यानं विचारलं, "बाळ, कुठला शिनेमा बघू रं?" यानं डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' सांगितला आणि गोष्टही सांगितली. आत्या म्हणाली, "सायकल चोरीला गेली आन् गावली न्हाई, हेच व्हय? आमच्या गल्लीत म्हैन्याला दोन जात्यात."

आत्याचं ते परीक्षण अजून त्याच्या मनातून जात नाही. "एका वाक्यात नववास्तववाद मांडला म्हातारीनं," असं तो परवा म्हणत होता.

मग तो मुंबईला आला आणि एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत लिहू लागला. ते दिवस त्याच्या बोलण्यात वतनदारीच्या थाटात येतात. बाराशे शब्द! सिनेमा पाहायचा, दोन दिवस चालायचा, पुन्हा पाहायचा आणि मग लिहायचं. २००४ साली 'श्वास'वर त्यानं लिहिलेला लेख एक ओळही न कापता छापून आला होता. त्याचं कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत, पॅनकार्डाबरोबर ठेवलेलं आहे. पुढे पुरवणीचं पान रंगीत झालं, लेख आठशेवर आला, मग चारशेवर, आणि एके दिवशी संपादकांनी शीर्षकाशेजारी स्टार छापायला सुरुवात केली. वाचक स्टार मोजून पान उलटू लागले. चारशे शब्दही आता फक्त स्टारांना टेकायला राहिले होते.

२००७-०८च्या सुमाराला मराठीत बातम्यांच्या वाहिन्या एकामागोमाग एक सुरू झाल्या. चोवीस तास भरायचे होते आणि तेवढा महाराष्ट्र रोज घडत नव्हता. तेव्हा याला बोलावणं आलं. मुलाखतीत तीनच प्रश्न विचारले म्हणे. केस तुमचेच का, कुणा हिरोचा नंबर आहे का, आणि न थांबता बोलता येतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देता त्याला अर्ध्या तासानं थांबवावं लागलं आणि नोकरी पक्की झाली. मफलरही त्याच दिवसांतली. स्टुडिओत एसी इतका, की पहिल्या कार्यक्रमाला त्यानं कॅमेरामनची मफलर उसनी घेतली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांचे एसएमएस आले, 'मफलरवाले सर छान बोलतात.' सर काय बोलले ते कुणीच कळवलं नव्हतं. तेव्हापासून मफलर वाहिनीच्या धोरणाचा भाग आहे. ती काढायची तर वरून परवानगी लागते.

सुरुवातीला त्याला आठ मिनिटं होती. आठ मिनिटांत माणूस बरंच खरं बोलून जातो. त्याच काळात त्यानं एका मोठ्या हिरोच्या हिंदी सिनेमाला एक स्टार दिला. रात्री नऊला कार्यक्रम लागला. सव्वानऊला जाहिरात विभागातून फोन आला. दहाला हिरोचे चाहते वाहिनीच्या नंबरवर भाषाशास्त्राचे प्रयोग करू लागले. सोमवारी संपादकांनी त्याला केबिनमध्ये घेतलं, चहा पाजला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुझी नजर फार बारीक आहे रे. ती फक्त सिनेमात वाया जाते." आणि पुढच्या शुक्रवारी त्याला वाशीच्या घाऊक बाजारात आंब्याची आवक मोजायला पाठवलं. पेट्यांच्या राशींमध्ये, मफलर बांधून, हमालांचे धक्के खात तो सांगत होता की देवगडचा माल यंदा उशिरा आलेला आहे. असे काही शुक्रवार गेले. अँकरनं शेवटी विचारलं, "मग यंदाच्या हापूसला तुम्ही किती स्टार द्याल?" क्षणभर तो पेटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साडेतीन."

आंबेवाले खूश, गिऱ्हाईक खूश, संपादक खूश. पुढच्या शुक्रवारी तो स्टुडिओत परत आला. येताना तो आकडाही घेऊन आला.

आता आठ मिनिटं राहिलेली नाहीत. नव्वद सेकंद असतात. त्यात सिनेमाचं नाव आणि कलाकार सांगण्यात पंचवीस जातात. कार्यक्रमाचे प्रायोजक पावसाळी पत्रे बनवतात, त्यांना दहा. शेवटी पडद्यावर स्टार उमटतात, एकेक 'टिंग' करत, त्याला पंधरा. अर्ध्या स्टारला ग्राफिक्सवाल्यांनी अर्धा 'टिं' ठेवलेला आहे, ही त्या खात्याची एकमेव कलात्मक कामगिरी. उरलेल्या चाळीस सेकंदांत पटकथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत आणि आशय. तेवढ्या वेळात मागे ट्रेलरमधलीच दृश्यं फिरत असतात, कारण निर्मात्याकडून दुसरी मिळत नाहीत. हा म्हणत असतो, "दिग्दर्शकानं दुःख अतिशय संयतपणे हाताळलंय," आणि मागे नायिका चौथ्यांदा स्विमिंग पूलमध्ये पडत असते.

तेही नव्वद सेकंद जागेवर राहतील याची खात्री नाही. कानातल्या बटणातून "सर, गुंडाळा, ब्रेकिंग आहे" असं येतं आणि त्याला वाक्याच्या मध्यावर थांबावं लागतं. एका दिग्दर्शकाच्या आयुष्यातल्या पहिल्या सिनेमाचं परीक्षण "या सिनेमाचं सगळ्यात मोठं" इथे संपलं. बळ की दौर्बल्य, हे त्या बिचाऱ्याला आजतागायत कळलेलं नाही. जून २०२२मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात गेले तेव्हा तर सिनेमा हा विषयच रनडाऊनमधून गेला. वाहिन्यांचे कॅमेरे हॉटेलच्या फाटकावर. आणि त्याच दिवसांत त्यांच्यातल्याच सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांनी कार्यकर्त्याला फोनवर तिथली झाडी, डोंगार आणि हाटील कसं आहे ते सांगितलं. सगळ्या महाराष्ट्राला ते तोंडपाठ झालं. त्याची गाणी निघाली. साडेतीन त्या आठवड्यात उद्विग्न होता. "बघ," तो मला म्हणाला, "तीन नामं. एकही विशेषण नाही, स्टार नाही. आणि लोकांना ते हॉटेल डोळ्यांसमोर दिसलं. याला म्हणायचं परीक्षण. मी इतकी वर्षं काय करतोय?"

त्याचा खरा कस लागतो तो गुरुवारी संध्याकाळी, प्रेस शोला. अंधेरी-जुहूकडच्या कुठल्यातरी छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात पन्नास-साठ खुर्च्या, बाहेर टेबलावर सामोसे, सँडविच आणि कॉफी. सहाची वेळ दिलेली असते, पण सिनेमा आता डब्यातून येत नाही, फाइलमधून येतो, आणि ती उघडायला केडीएम नावाची किल्ली लागते. ती ठरावीक वेळेआधी चालत नाही आणि कधी कधी ठरावीक वेळीही चालत नाही. तोवर समीक्षकमंडळी सामोसे संपवतात. त्यांच्यातही प्रकार आहेत. एकजण सिनेमा चालू असतानाच मोबाइलवर परीक्षण टाइप करतो. त्याचं सहसा मध्यंतरापर्यंत होतं आणि उत्तरार्धात तो दुसरं काम काढतो. एकजण मध्यंतरालाच येतो. एकजण दिव्यांबरोबर मिटतो आणि दिव्यांबरोबर उघडतो, पण 'दिग्दर्शकाची पकड सुटते' हे वाक्य त्याच्याच परीक्षणात असतं आणि ते हमखास बरोबर निघतं. आमचा साडेतीन मागच्या रांगेत कोपऱ्यात बसतो आणि पहिल्या ऋणनिर्देशापासून शेवटच्या ऋणनिर्देशापर्यंत सगळं बघतो. मराठी सिनेमाचे ऋणनिर्देश म्हणजे एक तालुकाच असतो. सरपंच, पोलीस पाटील, वाड्याचे मालक, बैलजोडी देणारे, दुपारचं जेवण घालणाऱ्या वहिनी. तो म्हणतो, "यातलं निदान एक नाव तरी मी वाचलंच पाहिजे. यांचे बैल राबलेत."

दिवे लागतात आणि नाट्य सुरू होतं. दार एकच. दारात दिग्दर्शक, त्याच्या मागे निर्माता, त्याच्या मागे निर्मात्याचे मेहुणे, ज्यांनी खलनायक केलेला असतो. शेजारी दिग्दर्शकाची आई, जरीची साडी नेसून. सगळे हसत असतात आणि कुणीच श्वास घेत नसतं. "सर, कसा वाटला?"

इथे नवखे गडबडतात. कुणी कानाला बंद मोबाइल लावून "हां हां, बोल" करत सटकतो. कुणी प्रसाधनगृहात लपून राहतो. साडेतीन तसलं काही करत नाही. तो थांबतो, दिग्दर्शकाचा हात दोन्ही हातांत घेतो, डोळ्यांत बघतो आणि आपल्या भात्यातलं एक वाक्य सोडतो. "वेगळा प्रयत्न आहे," म्हणजे कळला नाही. "विषय फार महत्त्वाचा निवडलात," म्हणजे विषयाशिवाय काही नाही. "लोकेशन अप्रतिम," म्हणजे माणसं नसती तर बरं झालं असतं. "तो लहान मुलगा गोड आहे," म्हणजे मोठ्यांबद्दल विचारू नका. आणि सगळ्यात शेवटचं, अगदीच इलाज नसेल तेव्हा काढायचं, "तुमची तळमळ दिसते." पण हे आता इंडस्ट्रीत फुटलेलं आहे. मागे एका दिग्दर्शकानं 'तळमळ' हा शब्द ऐकल्याबरोबर भिंतीचा आधार घेतला. त्याची आई मात्र साडेतीनला म्हणाली, "हो ना हो, लहानपणापासून तसाच आहे. रात्र-रात्र झोपत नाही."

निर्माते बहुतेक ऊसपट्ट्यातले. बांधकाम, दूधसंघ, नाहीतर पेट्रोलपंप. मुलाला हिरो करायचं असतं किंवा गावचं नाव करायचं असतं. एकानं दारातच हात जोडले, "साहेब, दोन एकर रान घातलंय बघा ह्याच्यात." त्या रात्री साडेतीनला झोप लागली नाही. चित्रपट वाईट होता यात वाद नव्हता. पण दोन एकर! त्याच्या हिशेबात तेव्हापासून एकरी पाव स्टार धरलेला आहे. बागायत असेल तर थोडा जास्त. मातृभाषेचा अर्धा स्टार वेगळा. शिवाय सरकारनं २०१५ साली मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं आणि तो प्राइम टाइम दुपारी बारापासून सुरू होतो असं निघालं, त्या दुःखाचा पाव. एवढं धरल्यावर सिनेमाला स्वतःच्या बळावर फारसं काही मिळवावं लागत नाही. आणि जो स्वतःच्या बळावर मिळवतो, त्याचं नुकसान होतं. २०१६च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला. अख्खा महाराष्ट्र थिएटरात नाचत होता आणि शेवटाला सुन्न होऊन बाहेर येत होता. यानं दिले साडेतीन. त्याच सुमारास अशाच दोन-एकरवाल्या एका सिनेमालाही साडेतीन, ज्याचं नाव आज त्याच्या हिरोलाही आठवत नसेल. मी विचारलं, दोन्ही सारखेच? तर म्हणाला, "अर्धा स्टार मी कसा दिला त्याच्यात फरक आहे."

खरी समीक्षा ऐकायची असेल तर त्याच्याबरोबर रात्रीची डोंबिवली लोकल पकडायला हवी. माझं ऑफिस तिकडेच असल्यानं गुरुवारी बऱ्याचदा दादरला तो भेटतो. गाडी शीवच्या पुढे गेली की मफलर सुटते, आणि मफलरबरोबर प्रमाणभाषा. "दोन तास बावीस मिन्टं हिरो नुसता चालतोय गा! शेतातनं चालतोय, घाटावरनं चालतोय. आरं, कुठं चाललाईस ते तरी सांग की लेका!" समोरचे दोघे पेपर खाली करतात. कुर्ल्यापर्यंत पटकथा उसवलेली असते, घाटकोपरला संगीतकाराचा निकाल लागतो, मुलुंडला तो सांगतो की मधल्या एका प्रसंगात आई दाराआडून पोराकडे बघते तो शॉट मात्र काळीज कापणारा होता, आणि तो नुसता सांगत नाही, दांडीला लोंबकळत आई होऊन दाखवतो. डब्यातली माणसं सिनेमाचं नाव विचारून घेतात. एकदा दिव्याला उतरायचा माणूस डोंबिवलीपर्यंत आला. वाहिनीला थोडी अक्कल असती तर कॅमेरा त्यांनी स्टुडिओत न लावता दुसऱ्या वर्गाच्या डब्यात लावला असता.

त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. एक सडपातळ, टकलाकडे झुकलेला; दुसरा गोलमटोल, चष्मेवाला. शिकागोचे जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट. दोघं एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन वर्तमानपत्रांतले. १९७५ साली त्यांना एका सार्वजनिक वाहिनीनं समोरासमोर बसवलं आणि ते भांडायला लागले. खरोखर भांडायचे, सिनेमावरून. अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही. ईबर्टला त्याच वर्षी पुलित्झर मिळालं. सिनेसमीक्षकाला मिळालेलं ते पहिलंच. पुढे २००६ साली आजारानं त्याची वाचा गेली, तरी तो २०१३मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिला. हे सांगताना साडेतीनचा आवाज नेहमी थोडा घोगरा होतो. एकदा धीर करून त्यानं संपादकांसमोर प्रस्ताव ठेवला की आपणही दोन समीक्षक समोरासमोर बसवू. संपादकांना वादावादी म्हटल्यावर पसंत पडलं. फक्त दुसरा समीक्षक परवडणार नव्हता, म्हणून त्यांनी समोर एका पक्षाचे प्रवक्ते बसवले, कारण ते रोज तसेही येऊन बसलेले असत. प्रवक्त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी आधी सिनेमाचं स्वागत केलं, मग निषेध केला, आणि शेवटी साडेतीनकडे बोट करून विचारलं की गेल्या सत्तर वर्षांत असे सिनेमे का निघाले नाहीत, याचं उत्तर यांनी द्यावं. कार्यक्रमाला टीआरपी चांगला मिळाला.

ऐतिहासिक सिनेमा आला की तो परीक्षण उभ्यानं करतो. 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' अशी रांग लागली तेव्हा त्याचे पाय दुखायला आले होते. नव्वद सेकंद तो इतिहास किती थोर आहे ते सांगतो. सिनेमाचा शब्दही काढत नाही, आणि तिथे साडेतीनही देत नाही. स्टारच देत नाही, नुसता मुजरा करतो. त्याला कुणी भित्रा म्हणेल. मी म्हणणार नाही. त्याची काच खालच्या मजल्यावरची आहे आणि रस्त्याकडे आहे.

पोस्टरवर त्याची वाक्यं छापून येतात. "एकदा बघायला हरकत नाही, पण एकदाच," असं तो बोलला होता. पोस्टरवर आलं: 'बघायला हरकत नाही... एकदा... एकदा...!' खाली साडेतीन स्टार, त्यातला अर्धा रंगाऱ्यानं उदार मनानं पूर्ण केलेला.

नोव्हेंबरात मात्र तो आठ-दहा दिवस माणसात येतो. २००४पासून 'इफ्फी' हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आणि वाहिनी त्याला पाठवते ती रेड कार्पेटवर कोण काय घालून आलं ते सांगायला. मांडवीच्या काठावर, मागे कॅसिनोच्या बोटी घेऊन, तो तेवढं दोन मिनिटांत उरकतो आणि गळ्यात कार्ड अडकवून रांगेत उभा राहतो. सकाळी साडेआठपासून रात्रीपर्यंत सिनेमे. मध्ये पाव-भाजी आणि चहा. बेला तारच्या 'द टुरिन हॉर्स'मध्ये बाप आणि लेक रोज एकेक उकडलेला बटाटा खातात, आणि बाहेर वारा वाहतो. बस. अडीच तास. हा तो बघून आला आणि घरी बायकोला म्हणाला, "काय बटाटा होता!" वहिनींनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "माझ्या भाजीला लग्नापासून साडेतीनच मिळालेत."

हल्ली त्याचं काही खरं नाही. थिएटरच्या पायऱ्यांवर मोबाइल घेतलेली पोरं उभी असतात. ती मध्यंतरातच "भावांनो, पैसा वसूल!" करून मोकळी होतात, आणि हा दिवे लागेपर्यंत ऋणनिर्देश वाचत बसलेला असतो. काही पोरांचे दर ठरलेले आहेत असं म्हणतात. साडेतीनला त्याचा राग नाही. त्याला राग याचा, की ती पोरं पाच स्टार देतात आणि लोकांना ते खरे वाटतात. वाहिनीनंही त्याला सुचवलं, "सर, थोडं ओरडून बोला." त्यानं एकदा प्रयत्न केला. घरी आल्यावर कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्या लागल्या.

मागच्या गणपतीत सोसायटीनं मोदक स्पर्धा ठेवली आणि घरातच परीक्षक असताना बाहेर कशाला जायचं म्हणून याला बसवलं. ताटल्यांना नुसते नंबर, कुणाची कुठली ते गुपित. चौदा ताटल्या. हा प्रत्येकीपुढे थांबला, मोदक फोडला, वास घेतला, खाल्ला, डोळे मिटले, आणि कागदावर लिहीत गेला. सेक्रेटरींनी माइकवरून निकाल वाचायला घेतला. "एक नंबर, साडेतीन. दोन नंबर, साडेतीन. तीन नंबर..." चौदाव्या नंबरपर्यंत मंडपात इतकी शांतता झाली की गणपतीपुढच्या समईची वातसुद्धा हलेना. सेक्रेटरी त्याच्याकडे वाकून म्हणाले, "अहो साहेब, ट्रॉफी एकच आणलीय."

"फिरती ठेवा," साडेतीन म्हणाला. "महिना-महिना."

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वय ऐंशीच्या वर, काठी टेकत थेट टेबलापाशी. "तुम्ही खाल्लेत ना मोदक? मग सांगा. ही माझी ताटली. माझे कसे झालेत ते माझ्या तोंडावर सांगा. मला किती वर्षं राहिलीत?"

साडेतीननं मफलर सैल केली. म्हणाला, "काकू, तुमची पारी जाड झालीया. सारणात गूळ कमी हाय आन् खसखस करपलीया. दोन आन् पाचमधी वेलदोडा इतका हाय की औषध खाल्ल्यागत वाटतंय. अकरा नंबर फुटलाय, पर चव खरी हाय. आन् सात नंबर," तो थांबला, "सात नंबरला तोड न्हाई. कळ्या बघा, वीस हाईत. उकड कशी, तर दातानं न्हाई, ओठानं तुटती. एक नंबर. पाचाला पाच."

टाळ्या पडल्या. काकूंनी सगळ्यांत आधी वाजवल्या. सात नंबरची चिठ्ठी उघडली तर ती खजिनदारांच्या मिसेसची निघाली. त्या ट्रॉफी घ्यायला पुढे येतच होत्या, एवढ्यात त्यांचाच धाकटा, वय वर्षं सहा, आनंदानं ओरडला, "आई, दुकानवाल्या काकांनापण सांगायचं ना, आपला पहिला नंबर आला म्हणून?" फडके रोडवरचं दुकान होतं. पेटी अजून त्यांच्या गॅलरीत होती.

ट्रॉफी फुटलेल्या अकरा नंबरला गेली. खजिनदारांनी महिन्याभरात पार्किंगची फेरआखणी केली आणि साडेतीनच्या स्कूटरला मागच्या नाल्याशेजारची जागा आली. एकदा गुरुवारी लोकलमध्ये मी हळहळलो. म्हटलं, कशाला बोलायला गेलात? साडेतीन दिलेच होते की. तो दारात वाऱ्याला उभा होता. म्हणाला, "पार्किंगचं मरू दे गा. पन ती उकड... त्या दुकानात मोदक कोन वळतंय, इचारून येऊया का रव्वारी?"